घाट बंद झाला तर? कोकणातून वर जाताना पर्यायी रस्ता आधीच कसा ठरवायचा

बदली होऊन कणकवलीत आले, त्या पहिल्याच पावसाळ्यात आईला कोल्हापूरला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. सकाळी साडेनऊची वेळ मिळाली होती, म्हणून पहाटे पाचला गाडी काढली. फोंडाघाटाच्या वळणांनी आईला मळमळतं, म्हणून तळेऱ्यावरून करूळ घाटाने जायचं ठरवलं. रात्रभर पाऊस कोसळत होता, पण आषाढात कोकणात पाऊस पडायचाच, असं मी मनाशी म्हटलं आणि वैभववाडी मागे टाकली. घाटात चार-पाच वळणं चढलो तोच पुढे गाड्यांचे लाल दिवे दिसले.

डोंगराकडच्या गटारातलं पाणी रस्त्यावर आलं होतं. रंग तांबडा. त्यातून सुपारीएवढे खडे खडखडत खाली येत होते आणि टायरला लागून थांबत होते. दहा मिनिटांत आमच्या मागे दोन ट्रक आणि एक टेम्पो येऊन उभे राहिले. एसटीचे चालक छत्री घेऊन एकेका गाडीपाशी येत होते. काचेवर टकटक करून म्हणाले, "ताई, वर दरड आलीय. जेसीबी यायला दुपार होईल. मागचा टेम्पो हलला की वळवून घ्या, हितं थांबू नका, वरून अजून येतंय." गाडी वळवायलाच दीड तास गेला. आईच्या तपासण्यांची फाइल दारातून आलेल्या पाण्याने भिजली आणि डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यावर गेली. त्या दिवशी फोंडाघाट चालू होता. तळेऱ्याला एका टपरीवर विचारलं असतं, तरी कळलं असतं.

त्यानंतर मी हे नीट शिकून घेतलं. नोकरीमुळे नव्याने कोकणात आलेल्यांसाठी, इथे घर घेतलेल्यांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांना उपचारासाठी वर नेणाऱ्यांसाठी ते सगळं इथे लिहिते आहे.

१. आपला घाट आणि त्याचे शेजारी ओळखा

कोकणातून देशावर जायचं म्हणजे सह्याद्री चढायचा, आणि चढायच्या वाटा मोजक्याच. उत्तरेकडून दक्षिणेकडे हा क्रम पाठच करून ठेवा:

ताम्हिणी (माणगाव ते मुळशी, पुणे)
वरंधा (महाड ते भोर)
आंबेनळी (पोलादपूर ते महाबळेश्वर)
कुंभार्ली (चिपळूण ते कोयनानगर, पाटण, कराड)
आंबा (हातखंबा, साखरपा ते मलकापूर, कोल्हापूर)
अणुस्कुरा (राजापूर, ओणी, पाचल मार्गे वर)
भुईबावडा आणि करूळ (खारेपाटण, तळेरे, वैभववाडी परिसरातून गगनबावडा)
फोंडा (कणकवली, फोंडाघाट ते दाजीपूर, राधानगरी)
आंबोली (सावंतवाडी ते आजरा किंवा बेळगाव)
रामघाट (दोडामार्ग, तिलारी ते चंदगड)
चोर्ला (गोव्यातून बेळगाव)

यातला प्रत्येक घाट प्रत्येक गाडीचा नाही. तिलारीचा रामघाट तीव्र चढाचा आणि अवघड वळणांचा आहे. नव्या चालकाने पावसात तो पर्याय म्हणून धरूच नये. वरंधा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा आधी अवजड वाहनांना आणि मग सगळ्यांनाच बंद होतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर तो यादीतून काढून टाका. आपल्या गावापासून जवळचे तीन घाट निवडा आणि तिन्ही एकदा उन्हाळ्यात, दिवसाउजेडी, स्वतः गाडी चालवून पाहून या. पावसात, धुक्यात, गाडीत आजारी माणूस असताना पहिल्यांदा तो घाट चढायची वेळ येऊ नये.

२. पर्याय खरोखर वेगळा आहे का, ते बघा

बहुतेक जण इथेच चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

करूळ बंद झाला की कोणीही सांगतो, "भुईबावड्याने जा." अपघाताने किंवा कामासाठी करूळ बंद असेल तर हा सल्ला बरोबर आहे. २०२४च्या जानेवारीत करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला, तो वर्षभराहून जास्त काळ. तेव्हा लहान गाड्यांना भुईबावड्याचाच आधार होता. पण हे दोन्ही घाट वर जाऊन गगनबावड्यालाच मिळतात. तिथून कोल्हापूरचा रस्ता एकच. पंचगंगेच्या खोऱ्यात पूर आला की याच रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी येतं. म्हणजे घाट सुखरूप चढून तुम्ही गगनबावड्यात अडकता. पुराच्या दिवशी करूळ आणि भुईबावडा हे दोन पर्याय धरायचे नाहीत, एकच धरायचा.

आंबा घाटाचंही तसंच. घाट मोकळा असतो, मलकापूरही गाठता येतं, पण कोल्हापूरच्या अलीकडे केर्लीजवळ पुराचं पाणी रस्त्यावर असतं. म्हणून दरवेळी तीन वेगळे प्रश्न विचारायचे: खालचा (मुंबई-गोवा) महामार्ग चालू आहे का? घाट चालू आहे का? घाट चढून गेल्यावर शहरापर्यंतचा रस्ता चालू आहे का? आपल्याकडे सगळे मधलाच प्रश्न विचारतात.

खालच्या महामार्गावर दरडीपेक्षा नद्यांकडे लक्ष ठेवा. महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, राजापुरात अर्जुना आणि कोदवली, बांद्याला तेरेखोल. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की खाडीकडे जाणारं पाणी तुंबतं आणि गावात शिरतं. चिपळूणने २२ जुलै २०२१ला ते भोगलं. सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. तेव्हापासून कोकणात पूर वाढला की पुलांवरची वाहतूक थांबवतात. पोलिसांनी थांबवलं तर त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

आणखी एक. शेजारशेजारच्या घाटांवर ढगही तोच असतो. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाल इशारा असलेल्या दिवशी आंबोली, फोंडा आणि करूळ तिघांचीही एकाच वेळी दैना होऊ शकते. म्हणून पर्यायांचे तीन थर करा. पहिला शेजारचा घाट, दरड किंवा अपघातासाठी. दुसरा दूरचा घाट, वेगळ्या नदीच्या खोऱ्यातला, पुरासाठी. तिसरा म्हणजे न जाणं: वेळ पुढे ढकलणं, आदल्या दिवशीच वर जाऊन मुक्काम करणं किंवा रेल्वे. हा तिसरा थरही आधीच ठरवलेला असावा. घरातून पाय निघाला की माणूस मागे फिरायला तयार होत नाही, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिलंय.

३. निर्णयाचा फाटा ठरवा

घाटाच्या पायथ्याशी पोहोचून निर्णय घेतला तर उशीर झालेला असतो. ज्या फाट्यावरून दोन रस्ते फुटतात तिथेच थांबायचं, विचारायचं आणि मग पुढे जायचं. कोल्हापूरला जाताना कणकवली सोडण्याआधीच फोंडा की करूळ हे मला ठरवावं लागतं, कारण फोंड्याचा रस्ता आणि तळेऱ्याचा रस्ता इथेच वेगळे होतात. रत्नागिरीकरांसाठी हातखंबा, चिपळूणकरांसाठी बहादूरशेख नाका (कुंभार्लीला तिथूनच वळतात), महाडकडून येणाऱ्यांसाठी पोलादपूर आणि माणगाव. सावंतवाडीकरांनी आंबोलीकडे वळण्याआधी शहरातच चौकशी करावी. दाणोलीच्या पुढे गेलात की मागेच यावं लागेल.

प्रत्येक फाट्यासाठी एक वेळही लिहून ठेवा. माझी अट अशी की पावसाळ्यात दुपारी चारनंतर घाट चढायला सुरुवात करायची नाही. अंधारात डोंगराकडची माती दिसत नाही, रस्त्याची कड दिसत नाही, आणि अडकलो तर मदतीला येणाऱ्यांनाही आपण दिसत नाही.

४. निघण्याआधी कुणाला विचारायचं

सर्वात भरवशाचं उत्तर एसटी स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाकडे मिळतं. पहाटेच्या गाड्या घाट चढून गेल्या का, हे त्यांना माहीत असतं. वरून येणारी गाडी वेळेवर आली का, हेही विचारा. त्यानंतर दुधाचे आणि भाजीचे टेम्पो. भाजी कोल्हापूर, आजरा, गडहिंग्लजकडून रात्री उतरते. सकाळी बाजारात भाजी आली नसेल तर वर काहीतरी घडलंय असं समजा. भाजीवाल्या मावशींनी मला दोनदा फुकटच्या फेऱ्यांतून वाचवलंय.

सरकारी माहितीसाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे. शेजारच्या जिल्ह्याचा कक्ष हवा असेल तर तिथल्या कोडसह लावावा लागतो, म्हणून कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग दोन्हींचे थेट क्रमांक आधीच लिहून ठेवा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, कोणत्याही संकटात ११२, रुग्णवाहिकेला १०८.

हवामान खात्याचा इशारा बघताना नुसता रंग बघू नका, मागच्या दोन दिवसांत किती पाऊस झाला तेही बघा. २४ तासांत ११५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की अति मुसळधार, २०४च्या पुढे अत्यंत मुसळधार. आपल्या डोंगरांत खाली काळा कातळ आणि वर मुरूम-मातीचा थर असतो. दोन-तीन दिवसांचं पाणी त्या थरात मुरतं, माती जड होते आणि कातळावरून सुटते. म्हणून पाऊस थांबल्यावर, ऊन पडल्यावरही दरड येते. "आज उघडलंय, चला" हा सगळ्यात फसवा दिवस.

कोल्हापूरला जाणाऱ्यांनी राधानगरी धरणाची बातमीही बघावी. तिथे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ते उघडले की भोगावतीचं पाणी वाढतं आणि पुढे पंचगंगेचं.

मोबाइलवर फिरणारे दरडीचे व्हिडिओ मात्र कुणाचेच धरू नका. जुनेच व्हिडिओ दरवर्षी आषाढात नव्याने येतात. ज्याने पाठवला तो स्वतः त्या रस्त्यावर आहे का, एवढंच विचारा.

५. नकाशाच्या ॲपवर कुठे फसायला होतं

रात्री बंद पडलेला घाट ॲपवर सकाळपर्यंत मोकळा दिसतो, कारण तिथे गाड्याच नसतात आणि गाड्या नसल्या की रस्ता निवांत दिसतो. वाट लांबली की ॲप गावातल्या आडवाटा सुचवतं. त्या वाटांवरचे साकव (ओढ्यावरचे छोटे पूल) बुटके असतात आणि वहाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं की आधी तेच बुडतात. किनाऱ्याच्या रस्त्यावर आणखी एक घोळ होतो. दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ, वेश्वी ते बागमांडला इथे खाडी फेरीबोटीने ओलांडायची असते. नकाशात ती रेघ रस्त्यासारखीच दिसते. रात्री बोट नसते, आणि वादळवाऱ्यात दिवसाही बंद ठेवतात. सागरी महामार्ग हा पर्याय म्हणून चांगला आहे, पण मध्ये बोट असेल तर जेट्टीवर विचारल्याशिवाय तिकडे वळू नका.

खालच्या महामार्गावरचा, खेड आणि चिपळूणमधला परशुराम घाट अडला तर लहान गाड्यांना चिपळूण, आंबडस, चिरणी, लोटे अशी वाट आहे, हे खेड-चिपळूणकरांना पाठ असतं. आपल्या भागातल्या अशा वाटा शेजाऱ्यांकडून समजून घ्या. आणि बंदी फक्त पावसाळ्यात असते असं धरू नका. २०२२च्या उन्हाळ्यात याच परशुराम घाटात कामासाठी रोज दुपारचे काही तास वाहतूक बंद ठेवली होती. अशी अधिसूचना जिल्हाधिकारी काढतात. ती कोणत्या गाड्यांसाठी आणि किती ते किती वाजेपर्यंत आहे, ते शब्दन् शब्द वाचा. "अवजड वाहनांना बंदी" एवढंच वाचून कितीतरी कारवाले घरी बसतात, आणि "हलक्या वाहनांना मुभा" वाचून छोटा टेम्पो घेऊन जाणारे नाक्यावर अडतात.

६. बरोबर काय ठेवायचं

गाडीचे कागद (लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी) मोबाइलवर असले तरी एक छापील संच ठेवा, कारण घाटात रेंज नसते आणि बॅटरीही उतरते. रुग्ण असेल तर फाइल दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत, आणि महत्त्वाच्या पानांचे फोटो घरच्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर. औषधं एक दिवस जादा. परीक्षा किंवा मुलाखत असेल तर हॉलतिकीट आणि पत्राच्या दोन प्रती.

रोख पैसे हवेतच, तेही सुट्टे. रेंज गेली की फोनवरून पैसे देता येत नाहीत. घाटात कोणत्या कंपनीची रेंज किती वेळ टिकते ते उन्हाळ्याच्या फेरीत बघून ठेवा. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. बॅटरी (टॉर्च), दोर, छत्री, एक मोठं प्लास्टिक, पाणी, चार भाकऱ्या किंवा खजूर. इथली माणसं गाडीत कोयता ठेवतात. आडवी पडलेली फांदी तोडून वाट करायला तो लागतो. पेट्रोल पायथ्याच्या शेवटच्या पंपावर पूर्ण भरून घ्या, कारण लांबच्या पर्यायाने अंतर जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. कणकवलीहून आंबोली, आजरा करत कोल्हापूरला जाणं हे त्याचं उदाहरण.

७. घाटात शिरल्यावर

डोंगराकडचं पाणी बघत चला. स्वच्छ पाणी ठीक. ते अचानक तांबडं झालं, बारीक खडे येऊ लागले, झाड तिरकं झालेलं दिसलं किंवा रस्त्याच्या दरीकडच्या कडेला नवी भेग दिसली, तर तिथे थांबून फोटो काढायचा नाही. पुढची जागा मोकळी असेल तर पुढे, नसेल तर मागे, पण त्या उताराखालून निघायचं. रांग लागलीच तर पुढच्या गाडीला चिकटून उभे राहू नका, वळवता येईल एवढी जागा सोडा. त्या दिवशी मी ती सोडली नव्हती. धबधब्याखाली गाडी लावून भिजणाऱ्यांच्या गर्दीत तर अजिबात थांबू नका.

साकवावरून किंवा मोरीवरून पाणी जात असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल, तर पुढच्या माणसाने गाडी घातली म्हणून आपण घालायची नाही.

८. रेल्वेचा पर्याय

मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्याच्या दिशेने जायचं असेल तर कोकण रेल्वे हा चांगला तिसरा थर आहे. फक्त पावसाळ्यात तिचं वेळापत्रक वेगळं असतं. गाड्या हळू चालवतात, म्हणून जुन्या वेळा धरून स्टेशनवर जाऊ नका. तीही कधी कधी बंद पडते. जुलै २०२४मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं आणि त्याच आठवड्यात खेडजवळ दिवाणखवटीला रुळावर दरड आली. आणि कोल्हापूरला जायला कोकणातून सरळ रेल्वे नाहीच, हे नव्याने आलेल्यांना बहुधा माहीत नसतं.

९. एका पानावर उतरवून गाडीत ठेवा

माझा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकमध्ये आहे. तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या:

कणकवली ते कोल्हापूर. नेहमीचा रस्ता: फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी. (आईला आता आवळासुपारी देते, वळणं चालतात.)
दरड असेल तर: तळेरे, वैभववाडी, करूळ. करूळही बंद असेल तर भुईबावडा. आधी मांडुकलीला पाणी आहे का ते विचारणे.
पंचगंगेला पूर असेल तर: कोल्हापूर शहर टाळणे. राधानगरीहून मुदाळ तिट्टा, निपाणी. तिथेही महामार्गावर यमगर्णीला पाणी येतं, विचारूनच जाणे.
लाल इशारा असेल तर: जायचं नाही. दवाखान्यात आदल्या संध्याकाळी फोन करून वेळ बदलून घेणे.
विचारायचं कुठे: कणकवली स्टँड, फोंडाघाट बाजार, दोन्ही जिल्ह्यांचे नियंत्रण कक्ष.
परतताना: दीडपर्यंत कोल्हापूर सोडलं नाही तर रात्री तिथेच मुक्काम. मावसबहिणीला सकाळीच कळवून ठेवणे.